छातीतली कळ

उत्तराबाई बाकावरून उठल्याच नाहीत.

"ईसीजी काढल्याशिवाय मी सुनेला घरी नेणार नाही," त्या म्हणाल्या.

मयुरेश ओशाळला. तरुण डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. अपूर्वा जेमतेम तिशीतली, बाळंत होऊन महिना झालेला, जागरणं चालू. छातीत कळ आली, घाम फुटला, हात जड झाला, तरी ते पित्तच असणार. गोळी लिहून झाली होती. तिकडे नाशिक रोडला शेजारणीकडे ठेवलेलं बाळ भुकेलं असेल. आईच्या हट्टाबद्दल त्याने डॉक्टरांची माफी मागितली. वाद मिटावा म्हणून त्यांनी ईसीजी काढला.

कागद हातात आला आणि त्यांचा चेहरा उतरला. हार्ट अटॅक होता.

संध्याकाळी अँजिओग्राफी झाली. हृदयाचे मोठे डॉक्टर बाहेर आले. चरबीचा थर कुठेच नव्हता. रक्तवाहिनीचं आतलं अस्तरच फाटलं होतं. तरुण बायकांना, विशेषतः बाळंतपणानंतर, क्वचित असं होतं, असं त्यांनी सांगितलं. रक्त अजून पुढे जात होतं. स्टेंटसाठी तार सरकवली तर फाटलेलं आणखी उसवण्याची भीती होती. म्हणून त्यांनी हात लावला नव्हता.

"म्हणजे काहीच करायचं नाही?" मयुरेशने विचारलं.

"औषधं द्यायची, लक्ष ठेवायचं आणि थांबायचं. बऱ्याचदा ते आपलं आपणच भरून येतं."

बऱ्याचदा. म्हणजे नेहमी नाही. मॉनिटरचा आवाज जरा बदलला की मयुरेश नर्सला बोलवायला धावे. एकदा अपूर्वाला पुन्हा दुखलं, तेव्हा तो तिला मुंबईला हलवायला निघाला. इतका प्रवास आत्ता तिला झेपणार नाही, असं सांगून डॉक्टरांनी अडवलं. घरी बाळ सांभाळणाऱ्या उत्तराबाई फोनवर एवढंच विचारत, अजून दुखतंय का?

हळूहळू दुखणं थांबलं. काही आठवड्यांनी पुन्हा अँजिओग्राफी केली. रक्तवाहिनी भरून आली होती. ऐकून अपूर्वाला रडू फुटलं.

हृदयाचे डॉक्टर उत्तराबाईंकडे वळले. त्या दिवशी त्या अडून बसल्या नसत्या तर कठीण होतं, असं ते म्हणाले. एवढ्या तरुण मुलीच्या हृदयाची शंका त्यांना आली तरी कशी?

उत्तराबाईंनी मयुरेशकडे पाहिलं.

"हा महिन्याचा होता. माझ्याही छातीत अशीच कळ आली, हात जड झाला. सासूबाईंनी ओव्याचं पाणी दिलं, आणि मी उठून पोळ्या लाटल्या."