बारा डबे

रबराचा चीक आंबला आहे की नाही, हे संकलन केंद्रावर मुलगा तपासायचा. त्या सकाळी रांगेत पहिले त्याचे बाबाच होते. मुलाची ही सलग दहाव्या दिवसाची पाळी होती. त्याने बाबांच्या डब्यात आंबटपणा मोजणारा मीटर बुडवला, आकडा पाहिला आणि मान वर न करता म्हणाला, "आंबट आहे. ओतून द्या." बाबांनी हूं की चूं न करता डबा गटारात रिकामा केला.

दुपारी मीटर पुसून ठेवताना त्याच्या लक्षात आलं, सकाळी तो प्रमाण द्रावणात बुडवून त्याचा आकडा जुळवून घ्यायचाच राहिला होता.

घरी बाबा बोटांवरचा सुकलेला चीक सोलत बसले होते. मुलगा उंबऱ्यातच टेकला.

"बाबा, मीटर चुकीचा दाखवत होता. तुमचा चीक ताजा होता."

"ठाऊक आहे. मीच काढलाय ना पहाटे."

"मग बोलला का नाहीत?"

"मागे अकरा जण उभे होते. बापच तुझ्याशी भांडला असता, तर त्यांनी तुझं ऐकलं असतं का?"

त्या अकराही जणांनी मुलाचं ऐकलं होतं; आपापला डबा गटारात ओतला होता.