पूल शेतात कसा

पूल शेतात होता. ओढ्यावर असायला हवा तो पूल स्क्रीनवर शेजारच्या शेतात जाऊन बसला होता. नकाशेवालीनं स्क्रीन मोठी करून पुन्हा बघितलं.

पहाटे दरड कोसळली आणि उतारावरची वाडी मातीखाली गेली. माणसं वेळेत खाली उतरली होती. सापडत नव्हता तो एकटा तिचा दादा. वर चढवता आलं ते एकच खोदायचं मशीन. पण खोदायचं कुठं? घरांचा मागमूसही उरला नव्हता. तेव्हा हिनंच घरांच्या जुन्या नकाशाची फाइल डाउनलोड केली, उपग्रहाच्या नव्या फोटोवर बसवली आणि दादाच्या घराची जागा मशीनवाल्याला कळवली.

घाई नडली. डाउनलोडमध्ये एक छोटी फाइल आलीच नव्हती, नकाशा जमिनीवर नेमका कुठं टेकवायचा ते सांगणारी. सॉफ्टवेअरनं विचारलंही होतं. तिनं ऑफिसात रोज देतात तेच उत्तर डोळे झाकून देऊन टाकलं. झालं! अख्खी वाडी बाजूला सरकली. 'आधी पूल ताडून बघा,' म्हणून नवख्यांवर ओरडणारी ती, आज स्वतःच विसरली. जळलं मेलं हे डोकं!

तिनं उत्तर बदललं. पूल ओढ्यावर आला. दादाचं घर मशीनपासून चांगलंच लांब गेलं. मशीन खोदत होतं तिथं आता सुताराचं घर दिसत होतं. सुतार तर लेकीकडे गेलाय, असं सगळेच म्हणत होते.

"काय झालं, वन्सं?" शेजारी बसलेल्या वहिनीनं विचारलं. सकाळपासून तिच्या घशाखाली पाण्याचा घोट उतरला नव्हता.

नकाशेवालीनं मशीनवाल्याला फोन लावला. मशीन तिथून हलवा, एवढंच सांगायचं होतं. पण तोच आधी ओरडला, "मॅडम, खालून कुणीतरी ठोकतंय! पण वरची माती परत सुटायला लागलीय. एवढ्या एकाला काढलं की खाली उतरायचा हुकूम आहे आम्हाला."

"जिवंत आहेत हो! देवा!" वहिनी रडायलाच लागली. तिनं नणंदेचा हात घट्ट धरला.

"मॅडम, नाव सांगा ना. हाक मारत राहिलो तर धीर येईल त्यांना."

तिनं वहिनीकडे बघितलं नाही.

"सुतारकाका म्हणून हाक मारा," ती म्हणाली.