पंधराव्या लुईचं कपाट

त्या दुष्काळी उन्हाळ्यात उस्मानपुऱ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि त्यातली पहिली परात मधुसूदनरावांच्या फ्रेंच कपाटाखाली जायची. कोरड्या हवेनं जुनं अक्रोडाचं लाकूड तडकतं म्हणे. कपाट चहूबाजूंनी दिसावं म्हणून दिवाणखान्याच्या मधोमध मांडलेलं. "पंधराव्या लुईच्या घाटाचं आहे, पाय बघा कसे बाकदार! सोळाव्याचे सरळ असतात," असं ते आल्यागेल्याला ऐकवत आणि मऊ फडक्यानं कपाटाची पाठ पुसत. त्यांच्या पत्नी उमाताई अर्ध्या बादलीत अंघोळ उरकून निमूट जपाला बसत.

वटपौर्णिमा आली, पण कोपऱ्यावरचा वड रस्ता रुंदीकरणात गेलेला. पूजेसाठी फांदी तोडून आणणं उमाताईंच्या मनाला पटेना, आणि व्रत तर आजवर मोडलेलं नव्हतं. शेवटी त्यांनी परातीतलंच तांब्याभर पाणी घेतलं, कपाटाला हळदकुंकू वाहिलं आणि सूत गुंडाळत फेरे सुरू केले.

"अगं, काय चालवलंयस हे! कपाट आहे ते!" मधुसूदनराव धावत आले.

"असू द्या हो. लाकूड म्हणजे झाडच की. अन् या गावात न चुकता पाणी मिळणारं झाड हे एवढंच."

"डाग पडतील! त्याला काही झालं ना उमा, तर मी जगायचा नाही!"

उमाताई थबकल्या. सात जन्मांचं मागणं तेवढं राहिलं होतं. त्यांनी डोळे मिटून हात जोडले.



"सावित्रीमाते, सातही जन्म नवरा हाच दे. फक्त मला यांचं कपाट कर."