चौथी जागा

नियम लिहिणाऱ्यांनो, तुम्ही चक्क थापा मारल्यात. संगणकाच्या सी भाषेत अ‍ॅरेला, म्हणजे आकड्यांच्या रांगेला, सुरुवातीला थोड्याच किमती दिल्या, तर उरलेल्या जागांत आपोआप शून्य येतं म्हणे.

एका प्रोग्रामरने घरच्यांच्या उंचीचा चार जागांचा अ‍ॅरे केला. स्वतःची, बायकोची, लेकीची उंची भरली. जन्मताच गेलेल्या धाकट्याची चौथी जागा मात्र त्याने तशीच सोडली.

तिथं पन्नास सेंटिमीटर आलं. पुढच्या महिन्यात साठ.

"बापावर गेलाय मेला, ताडमाड होणार," बायको म्हणाली आणि विणत आणलेला इवलासा स्वेटर उसवून मोठा करायला बसली.

आज मन घट्ट करून तो चौथ्या जागी स्वतः शून्य लिहायला बसला, तर मांडीवर उबदार भार आला. लेकरू येऊन बसावं तसा.

बोला, आता ते शून्य कोणी लिहायचं?