स्पोर्ट सस्पेन्शन

खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून लासुर्ण्याच्या आप्पासाहेबांना जीपमध्ये चढणं जिवावर यायचं. त्यामुळं नवीन गाडी बघायला मुलानं, युवराजनं, त्यांनाही बारामतीला नेलं, तेव्हा म्हाताऱ्याला भरून आलं. आता भिगवणला लेकीकडं आरामात जाता येईल, या आशेनं ते शोरूमच्या खुर्चीत बसून होते.

सेल्समन म्हणाला, "साहेब, स्पोर्ट सस्पेन्शन आणि हे पातळ टायर घेतले, तर गाडी आणखी खाली बसते आणि कडक होते. मागं बसणाऱ्याला प्रत्येक खड्डा लागतो. आजोबांना त्रास होईल."

"माझं काय, बसंन की मी," आप्पासाहेब गडबडीनं म्हणाले. "पोराच्या मनासारखं होऊ द्या."

युवराजनं सेल्समनला काचेच्या दाराशी बाजूला घेतलं. पण शेतात हाका मारून तयार झालेला त्याचा आवाज, हळू बोलला तरी खुर्चीपर्यंत पोचला.

"तेच टाका. एकदा कंबर आदळली की म्हातारं पुन्हा गाडीत बसायचं नाव काढणार न्हाय."

मग तो हसत परत आला. "आप्पा, रंग तुमच्या पसंतीचा. कुठला घेऊ?"

आप्पासाहेबांनी समोरच्या गाडीकडं बोट केलं.

"लाल घे," ते म्हणाले. "उसाच्या कडंनं जाताना मला ओसरीवरनं दिसंल तरी."