पायांवर लक्ष ठेवा

लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवायला रत्नम्मा गच्चीवर गेली आणि जिन्याच्या दारातच थबकली.

पाण्याच्या टाकीला एका हातानं धरून पुनम उभी होती. पायाच्या बोटांच्या पार टोकावर. दुसरा पाय मागं, कमरेच्याही वर गेलेला.

"अय्यो, पडशील की गं!"

पुनम दचकून खाली टेकली. पायात गुलाबी साटनचे बूट, फिती घोट्याला गुंडाळलेल्या. तिनं एक बूट काढला तर अंगठ्याचं नख काळंनिळं झालेलं.

"हे काय म्हणायचं?"

"बॅले म्हणतात याला, मावशी. नाचच हाय."

"आन्‌ ह्या टायमाला तू क्लासला असतीस ना?"

पुनम दुसऱ्या बुटाच्या फिती सोडवायला लागली. "मी क्लासला जाऊनच नाही राहिले, मावशी. बाबांना सांगू नका. हात जोडते."

रत्नम्मा मूळची निलंग्याकडची. नवरा गेल्यावर तिनं लातूरच्या घरातल्या वरच्या खोल्या पोरींना भाड्यानं दिल्या होत्या. उमरीची, अहमदपूरची, किनवटची, कुठकुठली पोरगी यायची आणि डॉक्टर व्हायची स्वप्नं उशाला घेऊन झोपायची. लातुरात पोरगी खोली घेऊन राहते म्हटल्यावर कशासाठी, हे कुणी विचारत नाही. पुनमच्या बापालाही तिनं विचारलं नव्हतं.

बाप, आनंदराज, स्वतः नांदेडहून सोडायला आला होता. एका पायानं जरा लंगडायचा. "उमेदीची वर्षं मुंबईत घातली," तो म्हणाला होता. "गुडघा गेला, परत यावं लागलं. माझं राहिलं ते हिच्या हातून व्हावं, एवढंच." जाताना दारात थांबून पुन्हा म्हणाला, "ताई, पोरीच्या पायांवर लक्ष ठेवा."

रत्नम्माला त्यात काही वावगं वाटलं नाही. वयात आलेली पोर, परका गाव. वाकडं पाऊल पडू नये, असं कोणत्या बापाला वाटणार नाही? फोनवरही त्याचं तेच. मेहनत घेते ना, खाते काय, पाय ठीक हायत ना. बोलतो जरा वेगळा, एवढंच तिनं मनात म्हटलं होतं.

आता मात्र तिची झोप उडाली. गेल्या साली मनिषा नावाची एक पोरगी डॉक्टरकीच्या ओझ्यानं अंथरुणाला खिळली होती. जेवण सोडलं, बोलणं सोडलं. शेवटी आईनं येऊन उचलून नेलं. तेव्हापासून रत्नम्मा पोरींच्या ताटांकडं बघत असे. पुनमच्या ताटात हल्ली अर्धी भाकर उरायची.

पण कोडं सुटेना. क्लासला न जाणारी पोर पुस्तकं लोळवत पडेल, गावात हिंडेल. ही तर सगळ्यांच्या आधी उठून वाचत बसलेली असायची. रत्नम्मानं तिच्या खोलीतल्या रेणुकाला बाजूला घेऊन विचारलं.

"पुनम?" रेणुका हसली. "मावशी, तीच मला शिकवून राहिली. माझी पुस्तकं माझ्याआधी तिची वाचून होतात."

"मग क्लासला का जाईना?"

रेणुकाचं हसू विझलं. "ते तिलाच विचारा."

क्लास सोडते, अभ्यास सोडत नाही. गच्चीवर नाचते, पण नाचताना तोंडावर आनंद दिसत नाही. हिला पाहिजे तरी काय? मेथी निवडायला बसवून रत्नम्मानं शेवटी विचारलंच.

"खरं सांग पोरी. तुझ्या मनात काय हाय?"

"ते बाबांना कळलं तर त्यांचा जीव तुटेल, मावशी. माझ्यासाठी आयुष्य वेचलं त्यांनी."

"कधी बोललीस त्यांच्यासंगं?"

"समोर आले की तोंडच उघडत नाही."

"नाचतीस तर किती गोड!"

पुनमनं एक काडी मोडली. "गोड नाचते, मावशी. तेच तर वाईट झालं."

रत्नम्माला भडभडून आलं. अंगात एवढी कला, आणि बापाच्या हट्टापायी ती गच्चीवर लपवायची? दोन्हीकडून जळायला लागली होती पोर. आता आनंदराज आला की बोलायचंच, तिनं ठरवलं.

तो न कळवताच आला. रविवारी दुपारी, तापल्या उन्हात, बसस्टँडवरून चालत. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मॅडमचा फोन आला होता," तो पुनमकडं बघून म्हणाला. "पोरगी क्लासला येत नाही म्हणाल्या. खरं हाय का?"

पुनम भिंतीला टेकून उभी.

"पुनम, मी तुला विचारून राहिलो."

रत्नम्मा पदर खोचून मधे आली.

"भाऊ, तिला नका विचारू, मी सांगते. मागं मनिषाच्या वेळी गप बसले, ह्या वेळी न्हाई बसायची. पोरीचा जीव नाचात हाय. मी डोळ्यानं बघितलंय. बोटं फुटली तरी नाचती ती. ते बॅले का काय, ते करू द्या तिला. ही डॉक्टरकी तिच्या उरावर लादू नका. तुमची एकुलती एक लेक हाय, हातची जाईल."

आनंदराज ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीच न समजलेल्या माणसासारखा तो आधी रत्नम्माकडं, मग लेकीकडं बघत होता.

"ताई, बॅलेसाठीच तर ठेवलंय तिला इथं," तो म्हणाला. "शिकवणाऱ्या मॅडम लातुरात हायत म्हणून. मी स्वतः मुंबईत गुडघा जाईस्तोवर तेच नाचलो. हे डॉक्टरकीचं कुणी काढलं?"

"मी काढलं, बाबा," पुनम म्हणाली. "नाचत राहिले ते तुमच्यासाठी, पण मला डॉक्टर व्हायचंय."