डावं-उजवं

“फुली,” उलटे सर म्हणाले आणि चित्राच्या पाठीवर खडूनं नापसंतीची फुली मारून मोकळे झाले.

निवडीला सोबत बसलेल्या शिल्पकार बाईंनी मान तिरकी करून ते चित्र पुन्हा पाहिलं. बाकावर बसलेला एक म्हातारा बूट घालत होता. स्टँडवर मात्र त्याचं डोकं खाली आणि पाय वर.

“अहो सर, निदान एकदा सुलटं तरी करा. बिचाऱ्याचं रक्त डोक्यात उतरलं असेल.”

“म्हातारा आहे होय? मला तपकिरी डाग दिसला. आणि तो डाग चौकटीतून घसरतोय.”

सरांचं नाव काही उगाच पडलेलं नव्हतं. प्रदर्शनासाठी आलेली चित्रं भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असत. नावं चिकटपट्टीनं झाकलेली, आणि पाठीवर एक बाण, वरची बाजू कुठली ते सांगणारा. सर बाण बघत, चित्र उचलत आणि बाण खाली करूनच स्टँडवर ठेवत. उलट्या चित्रात माणूस दिसत नाही, गोष्ट दिसत नाही. दिसतो रंग, दिसतं वजन, दिसतो तोल. गोष्ट दिसली की डोळ्यांत पाणी येतं आणि माप चुकतं, असं त्यांचं म्हणणं. निकाल दिल्यावरही ते चित्र कधी सुलटं करून बघायचे नाहीत.

“पण तुमचं स्वतःचं काही मत असेल की नाही?” बाईंनी विचारलं. “का सगळं त्या उलटं करणाऱ्या हातांवरच सोडलंय?”

“हातांवरच. मन म्हटलं की लेकीबाळी आल्या, सगेसोयरे आले. हातांना नातीगोती नसतात. म्हणून तर मी आयुष्यात कधी डावं-उजवं केलं नाही.”

बाई यादीकडे वळल्या. लेकीचं नाव निघालं की सगळेच दुसरीकडे वळत.

सरांची बायको गेली, त्याच वर्षी लेकीनं प्रदर्शनाला चित्र दिलं होतं. सरांनी ते नेहमीसारखं उलटं ठेवलं आणि लेकीसकट जमलेल्या सगळ्यांदेखत सांगितलं, “उजवी बाजू रिकामी. तोल गेलाय.”

“बाबा, आई आहे ती,” लेक म्हणाली. “एकदा सुलटं करून बघा ना.”

“आई असली म्हणून तोल सावरत नाही.” आणि फुली.

लेकीनं चित्र काखेत मारलं. त्या दिवशी ती गेली ती गेलीच. फोन नाही, निरोप नाही. तेव्हापासून घरात सर एकटेच जेवायचे, तेही उभ्याउभ्या, ओट्याशी. दर वर्षी निवडीला येताना एकच विचार, यंदा तरी तिनं चित्र दिलं असेल का. विचारायची मात्र सोय नव्हती. नावं झाकायचा नियम त्यांनीच केलेला.

भिंतीवर आता एका चित्रापुरती जागा उरली होती, आणि बघायचंही एकच चित्र राहिलं होतं. सरांनी नेहमीसारखा फक्त बाण पाहिला. चित्र उचललं, बाण खाली करून स्टँडवर टेकवलं आणि मागे सरकले.

समोर त्यांची बायको होती.

पलंगावर उशीला टेकून बसलेली. चांगली सुलटी. गालांची हाडं वर आलेली, ओठ सुकलेले. ती डावीकडे बघत होती. तिकडे एक लाकडी खुर्ची होती, रिकामी, आणि खुर्चीच्या पाठीवर सरांचा राखाडी स्वेटर. “हा आलोच,” असं सांगून सर तेव्हा असल्याच एका निवडीला परगावी गेले होते. स्वेटर राहू द्या इथंच, तेवढंच तुम्ही बसलाय असं वाटेल, असं ती म्हणाली होती. ते परत आले तेव्हा स्वेटर होता. ती नव्हती.

“कुणीतरी बाण चुकवलाय वाटतं,” बाई म्हणाल्या. “तुम्ही उलटं ठेवलंत आणि दिसतंय सुलटं.”

सरांनी चित्रामागे वाकून पाहिलं. जुना बाण खरवडून टाकला होता आणि शेजारी उलट्या तोंडाचा नवा बाण काढला होता. चौकटीच्या त्याच लाकडावर एक पुसट, जुनी फुली होती. ती त्यांच्याच हातची.

चित्र तेच होतं. लेकीनं फक्त बाण फिरवला होता. बापाच्या मनाचा तिला भरवसा नव्हता, हातांचा होता. हात काय करणार हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि हातांनी मुकाट्यानं तेच केलं होतं. सरांना स्वतःचीच लाज वाटली. इतकी चित्रं पाहिली, पण आपण होऊन असं सुलटं एकही पाहिलं नव्हतं.

“हे घेऊ या, सर,” बाई हळूच म्हणाल्या. “कुणाची तरी वाट बघतेय हो ती.”

सरांच्या बोटांत खडू होता. हात हलेना. तेव्हाची उजवी बाजू आता डावीकडे आली होती, आणि रिकामी होती ती रिकामीच होती. उलटं करा नाहीतर सुलटं करा, तोल गेला तो गेलाच होता. त्यांचं माप तेव्हाही चुकलेलं नव्हतं.

“ही बाजू रिकामी आहे,” ते म्हणाले.

बाईंनी स्वेटर पाहिला, सरांकडे पाहिलं, आणि कुणाचं चित्र ते ओळखलं. “मग ती चूकच म्हणायची का, सर?”

सरांनी खडू बाईंच्या तळहातावर ठेवला.

“चूकच. त्या दिवशी मला वाटलं, मी तिची चूक काढली. अहो, तिनं माझी आधीच काढून ठेवली होती. हुबेहूब.”